निव्वळ वजन

खोर ख्वैरच्या बंदरावर
डोंगर फोडून ट्रकांत भरतात, ट्रकांतून जहाजांत.
मी मधल्या काट्यावर बसतो.
भरल्या ट्रकातून रिकामा वजा करतो,
उरेल ते चिठ्ठीवर, चिठ्ठीवर शिक्का.
पठाण ड्रायव्हर मुन्शी म्हणतात मला.
गुल जमान तर खाली उतरून चिठ्ठी बघतो,
म्हणतो, सही एकदम सरकारी आहे तुमची.

असणारच.
नऊ वर्षं गिरवलीय
पुण्यात, अभ्यासिकेच्या सदतीस नंबरच्या खुर्चीत,
कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर,
खाली न मिळालेलं पद.

अण्णा जिनिंगमध्ये बावीस वर्षं होते.
एका मंगळवारी मालक म्हणाला, उद्यापासून नको.
अण्णा डबा तसाच घेऊन परत आले, न उघडलेला.
त्या दिवशी ठरलं :
असा मालक पाहिजे
ज्याला हे वाक्य म्हणता येत नाही.

गावात शब्द एकच होता, लागणे.
काय रे, लागलास का कुठं?
केंद्र्यांचा प्रल्हाद लागला,
चौकात त्याचे फ्लेक्स लागले.
मुलीच्या बापानं कप खाली ठेवला,
म्हणाला, लागू द्या, मग बघू.
ती दोन जाहिराती थांबली.
तिसरी कोर्टात अडकली,
तोवर तिचं लग्न लागलं, तलाठ्याशी.
मला चष्मा लागला.

एकदा दीड मार्कानं गेलं.
नंतर वय गेलं.

इथं व्हिसा दोन वर्षांचा.
ते मंगळवारचं वाक्य दर दोन वर्षांनी
अरबीत छापून येऊ शकतं.
अजून आलेलं नाही.

रात्री सुमेधचा फोन येतो, बहिणीचा पोरगा.
तीच अभ्यासिका, खुर्ची एकोणसाठ,
फी माझ्या दिरहमांतून.
मामा, होर्मुझची सामुद्रधुनी कशाला कशाशी जोडते?
मी फोन घेऊन केबिनबाहेर येतो.
काळ्या पाण्यावर जहाजं थांबलीत, दिवे लावून,
पहाटे दोनच्या पेठेतल्या खिडक्यांसारखी,
कुणाचाच नंबर लागत नाही.
म्हटलं, अरे, इथून जवळच आहे ती,
त्या डोंगराच्या आड पाणी वळतं आणि,
मामा, पर्याय सांगा. चारच आहेत.
पर्शियन आखात आणि ओमानचं आखात, म्हटलं. तिसरा.

इथं तसं म्हणत नाहीत, हे सांगितलं नाही.
पहिल्याच आठवड्यात मी फोरमनपुढे
पर्शियन म्हणून बसलो होतो, पाठ होतं म्हणून.
तो कितीतरी वेळ बघत राहिला.
अरबी, म्हणाला. अरबी आखात.
बरोबर उत्तरासाठी आयुष्यात पहिल्यांदा माफी मागितली.

परवा ट्रक नव्हते.
काट्यावर मीच उभा राहिलो, चपला काढून.
काटा वीस-वीस किलोंनी मोजतो.
साठ, म्हणाला.
मी अडुसष्ट भरतो.
वरचे आठ त्याला दिसले नाहीत.
पुन्हा उभा राहिलो. साठ.
यंत्राचा दोष नाही,
त्याला डोंगर मोजायला बसवलंय.

सुमेधला सांगायचं होतं, ऊठ.
त्या खुर्चीचा पाय डुगडुगत नसेल अजून
तोवर ऊठ, बाहेर पड,
काहीही कर, पंक्चर काढ, केक शिक,
माझ्यासारखा हुशार होऊ नकोस.
पण त्याच्यामागे पानं उलटल्याचा आवाज येत होता,
शंभरेक पोरांची पानं,
आणि मला तो आवाज
किती आवडतो अजून.
तोंडातून निघालं :
अर्ज भरलास ना? शेवटची तारीख बघ बरं.

हॉर्न वाजतोय. गुल जमान आलाय.
गाडी रिकामी आहे.
आधी रिकाम्याचंच वजन घ्यावं लागतं.